शुद्धिपत्राचे शुद्धिपत्र

छापील मजकुरात चूक राहिली की शुद्धिपत्र काढावे, हा ग्रंथव्यवहारातील जुना शिरस्ता आहे. ग्रंथाच्या अखेरीस ‘अशुद्ध’ आणि ‘शुद्ध’ अशा दोन रकान्यांचे एक पान जोडले जाते. लेखकाचे मन त्याने शांत होते आणि वाचक बहुधा त्या पानापर्यंत पोचत नाही. शासकीय व्यवहारातही हीच रीत आहे. परिपत्रकात दोष राहिला की शुद्धिपत्रक निघते. राज्यशासनाच्या सेवेत तीन तपे घालविल्यानंतर या शुद्धिपत्रकांविषयी दोन गोष्टी आमच्या मनावर ठसलेल्या आहेत. पहिली ही की मूळ परिपत्रक जितक्या टेबलांवर पोचते तितक्या टेबलांवर त्याचे शुद्धिपत्रक कधीच पोचत नाही. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. शुद्धिपत्रक निघेपर्यंत खालच्या कचेऱ्यांनी त्या सदोष वाक्याचा आपापल्या परीने अर्थ लावून काम सुरू केलेले असते, शेकडो प्रकरणे त्या अर्थाने निकाली निघालेली असतात आणि एक प्रघात पडून गेलेला असतो. अशा वेळी दुरुस्त काय करावयाचे? कागद की प्रघात?

हा प्रश्न केवळ कचेऱ्यांचा नाही. आपल्या मंडळाच्या वाचकांचे ज्या क्षेत्राकडे सहसा लक्ष जात नाही, अशा एका क्षेत्रात तो गेल्या चार दशकांत फार स्वच्छ स्वरूपात उभा राहिलेला दिसतो. ते क्षेत्र म्हणजे संगणकांना परस्परांशी बोलावयास लावणाऱ्या ‘सॉकेट’ नामक यंत्रणेची नियमपुस्तके आणि माहितीपुस्तके. ही पुस्तके कोणी लिहिली, त्यांत चुका कशा राहिल्या आणि त्या दुरुस्त करताना काय घडले, याचा इतिहास सांगण्याचा या लेखात आमचा प्रयत्न आहे. विषय यंत्राचा असला तरी त्यातील पेच कागदाचा आणि माणसांचा आहे. त्यामुळे संगणकाचे तांत्रिक ज्ञान नसलेल्या वाचकालाही तो परका वाटू नये.

प्रथम पार्श्वभूमी पाहू. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या ‘आर्पा’ या संशोधन संस्थेने १९६९ मध्ये दूरदूरच्या विद्यापीठांतील संगणक एकमेकांस जोडण्याचे काम हाती घेतले. ते करणाऱ्यांत अनेक जण पदव्युत्तर विद्यार्थीच होते. त्यांपैकी स्टीव्ह क्रॉकर यांनी ७ एप्रिल १९६९ रोजी एक टिपण लिहिले आणि त्यास ‘रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स’, म्हणजे ‘अभिप्रायार्थ विनंती’, असे नाव दिले. आपण नियम घालून देण्यास अधिकारी आहोत असे त्या तरुणांस वाटत नव्हते. ते केवळ मत मागत होते. पुढे हेच विनम्र नाव कायम झाले आणि ‘आरएफसी’ या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या क्रमांकित टिपणांच्या मालिकेतून आजच्या इंटरनेटचे सारे नियम प्रसिद्ध झाले. जॉन पोस्टेल या गृहस्थांनी १९९८ मध्ये आपल्या मृत्यूपर्यंत या मालिकेचे संपादन केले. मालिकेचा एक दंडक आहे. एकदा क्रमांक पडून टिपण प्रसिद्ध झाले की त्यातील एक अक्षरही बदलावयाचे नाही. चूक आढळली तर नव्या क्रमांकाचे नवे टिपण काढावयाचे. जुने जसेच्या तसे राहते.

या परंपरेशेजारीच दुसरी एक परंपरा वाढत होती. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी ‘यूनिक्स’ ही कार्यप्रणाली, म्हणजे संगणकाचा सारा कारभार पाहणारी ऑपरेटिंग सिस्टिम, तयार केली. तिचे पहिले माहितीपुस्तक ३ नोव्हेंबर १९७१ या तारखेचे आहे. त्यात प्रत्येक आज्ञेला तिचे स्वतंत्र पान दिलेले होते आणि पानाच्या तळाशी ‘बग्ज’ म्हणजे ‘दोष’ असे एक शीर्षक होते. आपल्या वस्तूत काय वैगुण्य आहे हे कर्त्यानेच त्या शीर्षकाखाली लिहावयाचे. आपल्या प्रणालीचे दोष पुस्तकात छापून वापरणाऱ्याच्या हाती देणे ही त्या काळी, आणि आजही, दुर्मीळ सचोटी होय. आरएफसीच्या उलट ही पाने प्रत्येक आवृत्तीत बदलत. नवी आवृत्ती आली की जुने पान गळून पडे.

एक कागद अचल आणि दुसरा चल. सॉकेट या दोहोंच्या सांध्यावर जन्मास आले.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संगणकशास्त्रज्ञांनी यूनिक्सची स्वतःची आवृत्ती विकसित केली होती. आर्पाच्याच आर्थिक साहाय्याने त्यांनी तीत जाळ्याची सोय घातली आणि १९८३ च्या ऑगस्टमध्ये ती ‘४.२ बीएसडी’ या नावाने बाहेर पडली. बिल जॉय आणि सॅम लेफ्लर ही या कामातील प्रमुख नावे होत. भिंतीवरील सॉकेटमध्ये पिन खुपसली की वीज कोठून कशी येते याचा विचार आपणांस करावा लागत नाही. तद्वत आज्ञावलीने, म्हणजे प्रोग्रामने, कार्यप्रणालीकडे एक सॉकेट मागावे, पलीकडच्या संगणकाचा पत्ता द्यावा आणि मग साध्या फाइलीत लिहावे-वाचावे तसा संवाद करावा, अशी ही कल्पना आहे. सॉकेट मागणे, पत्ता बांधणे, येणाऱ्यांची वाट पाहणे, आलेल्याला आत घेणे अशा मोजक्या आज्ञांत सारा व्यवहार बसविलेला आहे. ही रचना इतकी सोयीची ठरली की पुढे बहुतेक सर्व कार्यप्रणालींनी ती उचलली. आपल्या खिशातील मोबाइल फोनदेखील बँकेशी बोलताना आतून याच आज्ञा वापरतो.

आता पहिल्या चुकीकडे वळू. संगणकांमधील संवादाचा मूळ नियम ‘टीसीपी’ या नावाने ओळखला जातो आणि तो आरएफसी ७९३ या टिपणात सप्टेंबर १९८१ मध्ये पोस्टेल यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाला. त्यात प्रेषकाला ‘हा मजकूर तातडीचा आहे’ असे सांगण्याची सोय होती. लांबलचक उत्तर येत असताना मध्येच ‘थांबा’ असे सांगावयाचे झाले तर ही सोय उपयोगी पडे. टीसीपीत प्रत्येक बाइटला, म्हणजे अक्षराएवढ्या एकेका घटकाला, अनुक्रमांक असतो. तातडीचा मजकूर कोठे संपतो ते दाखविण्यासाठी एक दर्शक ठेवलेला होता. समजा, तातडीचा मजकूर १०१ ते १०५ या क्रमांकांचा आहे. मग दर्शकाने १०५ दाखवावयाचे की १०६? टिपणाच्या सतराव्या पानावर म्हटले होते की दर्शक तातडीच्या मजकुरानंतरचा बाइट दाखवितो, म्हणजे १०६. छप्पन्नाव्या पानावर जी कृती सांगितली होती तिचा हिशेब केला तर उत्तर १०५ येत होते. एकाच दस्तऐवजाच्या दोन पानांत एकाचा फरक होता.

बर्कलीच्या मंडळींनी आपली आज्ञावली लिहिताना सतराव्या पानाचा अर्थ घेतला. त्यांची आज्ञावली पुढे असंख्य कंपन्यांनी आपल्या यंत्रांत उतरविली आणि तिच्याबरोबर १०६ हा अर्थही सर्वत्र गेला. असा प्रघात पडला.

ऑक्टोबर १९८९ मध्ये आरएफसी ११२२ हे टिपण निघाले. रॉबर्ट ब्रेडन त्याचे संपादक होते. जाळ्याशी जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक संगणकाने पाळावयाच्या नियमांचा साकल्याने विचार करणे आणि जुन्या टिपणांतील चुका दुरुस्त करणे हाच त्याचा हेतू होता. त्याच्या कर्त्यांनी दोन पानांतील विसंगती अचूक हेरली आणि निवाडा दिला की सतरावे पान चुकले आहे, छप्पन्नावे बरोबर आहे. दर्शकाने शेवटचाच बाइट दाखवावा, त्यापुढचा नव्हे. निवाडा स्पष्ट होता. त्यात संदिग्धता नव्हती. कागदापुरते पाहिले तर चूक संपली होती.

प्रत्यक्षात काय झाले? ज्यांनी तो निवाडा वाचला नाही त्यांचे काहीच बिघडले नाही, कारण ते पूर्वीप्रमाणे इतर सर्वांशी जुळवून होते. अडचण होती ती निवाडा वाचून तो प्रामाणिकपणे पाळणाराची. त्याने १०५ म्हणून धाडावे आणि पलीकडच्या बर्कली वंशाच्या यंत्राने १०४ वा बाइट तातडीचा समजून उचलावा! नियम पाळणारा एकाकी पडावा आणि नियम मोडणारे सारे परस्परांत सुखाने नांदावेत, अशी ही स्थिती होती. शासकीय सेवेत आयुष्य काढलेल्या वाचकांस ती अपरिचित वाटणार नाही.

लिनक्स या कार्यप्रणालीने या पेचातून जी वाट काढली ती मोठी बोलकी आहे. तिच्यात एक कळ ठेवलेली आहे. कळ चालू केली तर ११२२ चा अर्थ लागू होतो, बंद ठेवली तर बर्कलीचा. आणि ती मुळात बंद असते. तिच्या माहितीपुस्तकात हे सारे उघड लिहिलेले आहे. अधिकृत अर्थ कोणता, प्रचलित अर्थ कोणता, आपण कोणता पाळतो आणि अधिकृत अर्थ स्वीकारल्यास इतरांशी जुळणे कसे कठीण होऊ शकते, इतके सगळे चार ओळींत. अधिकृत दुरुस्ती आपण पाळत नाही असे लेखी नमूद करणारा हा कागद आम्हांस त्या दुरुस्तीपेक्षा अधिक सत्यनिष्ठ वाटतो.

अखेर जानेवारी २०११ मध्ये फर्नांडो गाँट आणि अँड्र्यू योर्चेन्को यांचे आरएफसी ६०९३ निघाले. सर्व यंत्रे प्रत्यक्षात काय करतात हे त्यांनी मांडले आणि एकवीस वर्षांपूर्वीचा निवाडा फिरविला. दर्शक तातडीच्या मजकुरानंतरचा बाइट दाखवितो, हे पुन्हा अधिकृत झाले. म्हणजे सतराव्या पानावरचे ‘अशुद्ध’ वाक्य शुद्ध ठरले आणि शुद्धिपत्रच अशुद्ध ठरले. त्याच टिपणाने आणखी एक शहाणपणाचा सल्ला दिला. नव्या आज्ञावलींनी ही तातडीची सोय वापरूच नये. मात्र जुन्या वापरणारांसाठी ती यंत्रांत राहू द्यावी. ऑगस्ट २०२२ मध्ये वेस्ली एडी यांच्या संपादनाखाली आरएफसी ९२९३ प्रसिद्ध झाले आणि ७९३ व त्यावरील विखुरलेल्या अनेक दुरुस्त्या एका दस्तऐवजात आल्या. मूळ नियमास तेव्हा एकेचाळीस वर्षे होत आली होती. तोवर टीसीपी समजून घेऊ इच्छिणाराला मूळ टिपण हाती घेऊन, कोणते वाक्य कोणत्या क्रमांकाने बदलले, याचा शोध स्वतः घ्यावा लागे. शुद्धिपत्रक टेबलावर न पोचण्याचा आमचा अनुभव येथेही खरा ठरतो.

दुसरी कथा रांगेची आहे. सेवा देणारा संगणक ‘लिसन’ ही आज्ञा देऊन येणाऱ्यांची वाट पाहू लागतो. त्या वेळी त्यास एक आकडा सांगावा लागतो, तो म्हणजे रांग किती लांब वाढू द्यावी. बर्कलीच्या माहितीपुस्तकात म्हटले होते की हा आकडा म्हणजे प्रलंबित जोडण्यांच्या रांगेची कमाल लांबी. वाक्य सुबोध दिसते. पण प्रलंबित म्हणजे कोण? टीसीपीत जोडणी तीन टप्प्यांत होते. एकाने हाक द्यावयाची, दुसऱ्याने प्रतिसाद द्यावयाचा, पहिल्याने पुन्हा होकार द्यावयाचा. ज्याची हाक आली पण होकार यावयाचा आहे तो प्रलंबित, की तिन्ही टप्पे पुरे करून आत बोलावण्याची वाट पाहणारा प्रलंबित? कचेरीच्या भाषेत सांगावयाचे तर फाटकाशी नाव सांगून उभा असलेला मोजावयाचा, की टोकन घेऊन खिडकीपुढे बसलेला? माहितीपुस्तक याविषयी मौन पाळून होते. दोष-शीर्षकाखाली मात्र एक कबुली होती की आपण कोणताही आकडा सांगा, यंत्रणा तो गुपचूप पाचवर आणते.

रिचर्ड स्टीव्हन्स या लेखकाने या मौनाचा पाठपुरावा केला. झांबियात जन्मलेले आणि अमेरिकेत स्थायिक झालेले स्टीव्हन्स यांचा यूनिक्समधील जाळ्याच्या आज्ञालेखनावरील ग्रंथ १९९० मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९९८ मध्ये त्याच्या पहिल्या खंडाची वाढविलेली आवृत्ती आली. प्रलंबित या शब्दाची व्याख्या कोठेच नाही, ही गोष्ट त्यांनी स्पष्टपणे मांडली. पण ते तेथे थांबले नाहीत. निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर त्यांनी चाचणीची आज्ञावली चालविली, एकेक आकडा देऊन प्रत्यक्षात किती जोडण्या रांगेत उभ्या राहतात ते मोजले आणि त्याचा तक्ता ग्रंथात छापला. तक्त्यातील यंत्रे परस्परांशी जुळत नव्हती. बर्कली वंशाच्या प्रणाली दिलेल्या आकड्याची दीडपट करीत. पाच सांगितले तर आठ जोडण्या मावत. माहितीपुस्तकात या दीडपटीचा उल्लेखही नव्हता. कोणता अर्थ योग्य, यावर वाद घालण्याआधी कोणते यंत्र काय करते ते मोजून ठेवावे, ही स्टीव्हन्स यांची रीत होती. १ सप्टेंबर १९९९ रोजी, पन्नाशीही गाठण्यापूर्वी, ते निवर्तले. त्यांचे ग्रंथ मागाहून इतरांनी सुधारून पुन्हा प्रसिद्ध केले.

रांगेच्या व्याख्येतील ढिलाई केवळ पंडिती चर्चेचा विषय नव्हता, हे सप्टेंबर १९९६ मध्ये दिसून आले. न्यूयॉर्कमधील पॅनिक्स या इंटरनेट सेवेवर कोणीतरी खोट्या पत्त्यांवरून हाकांचा वर्षाव केला. हाक येई, होकार कधीच येत नसे. अर्धवट जोडण्यांनी रांग भरून गेली आणि खऱ्या ग्राहकांस जागा उरली नाही. फाटकाशी उभ्या असलेल्या तोतयांनी खिडकीपुढची बाकेही अडवून धरावीत, तसे ते झाले. १९९९ च्या जानेवारीत आलेल्या लिनक्सच्या २.२ आवृत्तीत या आकड्याचा अर्थ बदलण्यात आला. यापुढे तो केवळ पूर्ण झालेल्या जोडण्यांच्या रांगेस लागू होईल, अर्धवट जोडण्यांचा हिशेब वेगळा. माहितीपुस्तकाच्या पानावर हा बदल आवृत्तीच्या क्रमांकासह नोंदला गेला. पुढे कमाल मर्यादेचा मूळ आकडा १२८ वरून ४०९६ झाला तेव्हा, हे लिनक्स ५.४ पासून, तत्पूर्वी १२८, अशीही नोंद झाली. केवळ नवा आकडा लिहून जुना पुसला असता तर जुने यंत्र चालविणारा फसला असता. कोणता नियम कोणत्या दिवसापासून अंमलात आला हे लिहिल्याशिवाय नियमाची दुरुस्ती पुरी होत नाही. सेवानियमांच्या पुस्तकातील तळटीपा ज्यांनी चाळल्या आहेत त्यांना याचे महत्त्व सांगावयास नको.

तिसरे उदाहरण सुधारणेच्या हौसेचे आहे. आलेल्याला आत घेणाऱ्या ‘अ‍ॅक्सेप्ट’ या आज्ञेस तीन गोष्टी द्याव्या लागतात. तिसरी गोष्ट म्हणजे येणाराचा पत्ता लिहून ठेवण्यास किती जागा आहे तो आकडा कोठे ठेवला आहे, हे ठिकाण. त्याच ठिकाणी कार्यप्रणाली पत्त्याची खरी लांबी परत लिहून ठेवते. बर्कलीने तो आकडा साध्या पूर्णांकाच्या प्रकारचा ठरविला होता. पुढे सॉकेटचे मानकीकरण सुरू झाले तेव्हा मसुदाकारांच्या नजरेस हे खटकले. लांबी सांगावयाची तर भाषेत लांबीसाठी वेगळा, अधिक नेटका प्रकार उपलब्ध आहे, तो वापरावा, असे त्यांनी मसुद्यात घातले. कागदावर सुधारणा निर्दोष होती. पण चौसष्ट बिटांच्या यंत्रावर साधा पूर्णांक चार बाइटांचा आणि तो नेटका प्रकार आठ बाइटांचा. जुन्या आज्ञावलीने चार बाइटांची जागा दाखवावी आणि कार्यप्रणालीने तेथे आठ बाइट लिहून शेजारचा मजकूर पुसून टाकावा, असा तो प्रसंग होता. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांच्यासह अनेकांनी यास कडाडून विरोध केला. शेवटी तडजोड निघाली. ‘सॉकलेन-टी’ नावाचा एक नवाच प्रकार निर्माण करण्यात आला, जो व्यवहारात जुन्या पूर्णांकाएवढाच असतो. २००१ च्या मानकात हाच प्रकार समाविष्ट आहे. म्हणजे कागदाची प्रतिष्ठा राखण्यासाठी नाव नवे आले आणि यंत्रे मोडू नयेत म्हणून आकार जुनाच राहिला. माहितीपुस्तकाच्या पानावर बर्कलीपासून या तडजोडीपर्यंतचा क्रम नोंदलेला आहे, म्हणूनच हा विचित्र शब्द कोठून आला हे आज कळू शकते.

या तीन कथांतून एक गोष्ट स्पष्ट होते. पाठशुद्धीची आपली परंपरा मोठी आहे. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. अशा कार्यात लक्ष्य निश्चित असते. कर्त्याने मुळात काय लिहिले तेथवर पोचावयाचे. मूळ हाच निकष. सॉकेटच्या माहितीपुस्तकात मात्र मूळ कर्त्याचा शब्द अंतिम नसतो. तेथे निकष असतो चालते यंत्र. ११२२ च्या कर्त्यांनी दोन पाने परस्परांशी ताडून पाहिली आणि तर्काने योग्य ते पान निवडले, परंतु निवाडा जाहीर करताना तो जगातील यंत्रांशी जुळविता आला नाही. स्टीव्हन्स यांनी पान यंत्राशी ताडून पाहिले. पहिल्या रीतीने केलेल्या शुद्धीला पुढे शुद्धिपत्र लागले. दुसऱ्या रीतीचे मोल आजही कमी झालेले नाही.

यावर एक आक्षेप संभवतो. प्रघातच प्रमाण मानला तर नियमांची गरज काय? उद्या सर्वांनी चूक केली तर चूकच नियम होईल. आक्षेप वजनदार आहे आणि सरकारी कामकाजात तर तो अधिकच लागू पडतो, कारण तेथील प्रघातामागे पुष्कळदा कोणाचा तरी स्वार्थ दडलेला असतो. अन्याय्य प्रघात नियमाने मोडलाच पाहिजे. पण दर्शकाने १०५ दाखवावा की १०६, यात न्याय-अन्याय काहीच नाही. तेथे सर्वांचे एकमत असणे हेच सर्वस्व आहे. जेथे प्रघाताने कोणाचे नुकसान होते, जसे पॅनिक्सच्या रांगेत झाले, तेथे यंत्रच बदलले गेले आणि मग कागद बदलला. दुरुस्त करणाराने प्रथम हा विवेक केला पाहिजे. कोणत्याही स्थितीत व्यवहार पाहिल्याशिवाय केवळ कागदावरून कागद सुधारणे धोक्याचे, एवढे मात्र निरपवाद आहे.

आता हे काम करतो कोण, हे पाहणे उरले. लिनक्सच्या माहितीपानांचा सांभाळ १९९५ पासून आंद्रिस ब्रौवर यांनी केला. सॉकेट आणि टीसीपी यांवरील सविस्तर पाने आंडी क्लीन यांनी लिहिली. २००४ पासून मूळ न्यूझीलंडचे मायकेल केरिस्क यांनी जवळजवळ सतरा वर्षे ही धुरा वाहिली आणि त्या अभ्यासातून २०१० मध्ये लिनक्सच्या आज्ञांवर एक बृहद्ग्रंथ सिद्ध केला. पानावर लिहिले आहे तसे यंत्र वागते का, हे तपासण्यासाठी छोट्या आज्ञावली लिहून चालवून पाहणे ही त्यांची पद्धत होती आणि या तपासणीत पानांच्या चुकांबरोबर खुद्द कार्यप्रणालीच्या चुकाही त्यांना आढळत. त्यांच्यानंतर हे काम आलेहांद्रो कोलोमार यांच्याकडे आले. सप्टेंबर २०२४ मध्ये कोलोमार यांनी जाहीर केले की विनावेतन हे काम आपणांस यापुढे शक्य नाही आणि ते थांबले. जगातील अगणित यंत्रांचा आधार असलेली माहितीपुस्तके काही काळ सांभाळणाऱ्याविना राहिली. त्यानंतर काही कंपन्यांनी एकत्र येऊन अर्थसाहाय्य केले आणि काम पुन्हा सुरू झाले.

आरएफसीच्या बाजूनेही आज व्यवस्था आहे. प्रसिद्ध टिपणात चूक आढळल्यास कोणीही ती कळवू शकतो. तपासणीनंतर ती मान्य होते, फेटाळली जाते किंवा पुढील आवृत्तीच्या वेळी विचारार्थ राखून ठेवली जाते. मूळ मजकूर अबाधित राहतो आणि शेजारी निर्णय नोंदला जातो. या व्यवस्थेत चूक कळविणाराच्या पदाचा किंवा पदवीचा प्रश्न येत नाही. त्याने दाखविलेली विसंगती खरी आहे की नाही एवढेच पाहिले जाते.

नवीन यंत्र घडविणाराचे नाव होते. त्या यंत्राविषयी लिहिलेले वाक्य आजही खरे आहे की नाही हे दर वर्षी तपासणाराचे नाव क्वचितच कोणी घेते, आणि त्याच्या पोटापाण्याची सोय तर सर्वांत शेवटी आठवते. आमच्या सेवाकाळात सेवानियमांच्या पुस्तकात दुरुस्त्यांच्या चिठ्ठ्या नेमाने, तारीखवार डकविणारा एखादा लिपिक प्रत्येक कचेरीत असे. त्याचे काम कोणी पाहत नसे. परंतु तो बदलून गेला की सहा महिन्यांत त्या कचेरीत रद्द झालेल्या नियमांवरून आदेश निघू लागत. सॉकेटच्या माहितीपानांचे सांभाळकर्ते त्याच जातकुळीचे आहेत. अंतर इतकेच की त्यांच्या पुस्तकावर एका कचेरीचा नव्हे, साऱ्या जगाचा व्यवहार अवलंबून आहे, आणि २०२४ च्या त्या घोषणेपर्यंत यातील फार थोड्यांस ते पुस्तक कोण सांभाळतो हे ठाऊक होते.